धुतलेले दगड

४ मार्च

गोटी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र कचऱ्यात टाकणार असशील, तर जरा थांब. दुसऱ्या पानावर शिलाई मशीनच्या तेलाचा डाग आहे. तो तीन पानं लिहून झाल्यावर पडला, आणि सगळं पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला. म्हणजे तुझ्या आत्यात काडीचा फरक पडलेला नाही, एवढं तरी तुला कळेल.

पत्ता तुझ्या प्राध्यापकांकडून काढला. आधी ते देईनात. "तिनं कुणाला देऊ नका म्हणून सांगितलंय," म्हणाले. बोलता बोलता मला त्यांच्या कोटाचं अस्तर खालून लोंबताना दिसलं. ते मी उभ्या उभ्या टाचून दिलं. मग त्यांनी पत्ता दिला, आणि वर हेही सांगितलं, की तू अभ्यास अर्धा टाकून त्या नऊ बेटांतल्या पहिल्या बेटावर ज्वालामुखीच्या पहाऱ्याची नोकरी धरली आहेस.

दोन वर्षं आणि एक महिना झाला. 'झालं ते झालं' असं मी म्हणणार नाही, कारण ते झालं नाही, मी केलं. चार महिने तू जहाजावर काढलेस. एका ओळीतली नऊ बेटं, प्रत्येकावरून एक दगड, प्रत्येक दगडाला एक पिशवी, पिशवीवर बेटाचा आकडा. घरी आलीस ती चौदा तास झोपलीस. तेवढ्यात मी पिशव्या रिकाम्या केल्या, साबणात भिजवल्या, उन्हात वाळवल्या, भोकं रफू केली, इस्त्री फिरवली. आणि दगड? नऊच्या नऊ एका बादलीत घालून ब्रशनं घासले. पोर उठेल आणि खूश होईल, असं वाटलं होतं. आकडे मला दिसलेच नाहीत गं. पिशव्या फार मळल्या होत्या.

तू बादलीत पाहिलंस आणि पायांत चपला सरकवल्यास. ओरडली असतीस तर परवडलं असतं. बोलले मीच. "दगडच तर आहेत, पळून थोडेच गेलेत?" आपल्याच तोंडाला टाका घालावा असं मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. तेव्हा वाटलं, पण तोवर तू पायऱ्या उतरली होतीस.

तर मी ठरवलं, आपण काय घालवलं ते तरी समजून घ्यावं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण वाचता येतं. ग्रंथालयातल्या बाईंनी आधी मला लहान मुलांचं पुस्तक दिलं. मग मोठ्यांचं दिलं. ते दोनदा वाचलं आणि लहान मुलांचंच बरं होतं असं ठरलं. पण त्यात एक चित्र होतं, आणि ते पाहून मी मशीन चालवता चालवता थांबले.

गोटी, सुई जागची हलत नाही. सरकतं ते कापड. म्हणून तर टाक्यांची ओळ पडते! समुद्राच्या तळाखाली एका जागी आग आहे, आणि वरून जमिनीचा केवढा तरी तुकडा सरकतो आहे, नखं वाढतात तेवढ्या वेगानं. आग वर येते, थरावर थर साचतात, तळापासून डोंगर उभा राहतो, पाण्याबाहेर डोकं काढतो. ते झालं बेट. मग तुकडा त्याला पुढे घेऊन जातो आणि मागे दुसरं उगवतं. सुईपाशी धाकटं, लांब गेलेलं थोरलं. थोरलं थंड होतं, झिजतं, खचतं, आणि शेवटी पाण्याखाली जातं. तुझे नऊ दगड म्हणजे त्या ओळीतले नऊ टाके होते, आणि मी ओळच उसवून टाकली.

हे तू मला तेव्हा सांगितलं असतंस तर कळलं असतं का? कळलं असतं, असं आता वाटतं. पण मी विचारलंही नव्हतं.

दगड इथेच आहेत. पिशव्यासुद्धा.

आत्या


२६ मार्च

गोटी,

उत्तर आलं नाही. बोट पंधरा दिवसांनी जाते असं टपालातला माणूस म्हणतो, म्हणून मी अजून धीर धरून आहे.

सध्या दुकानात शिवणापेक्षा भूगोल जास्त चालतो. समोरचे बटणवाले रोज चहाला येतात, आणि त्यांना जमीन सरकते हे मान्यच नाही.

"बाई, तीस वर्षं माझं दुकान तुमच्या दुकानासमोर आहे. सरकलं का?"

"आपण दोघं एकाच तुकड्यावर बसलोय. दोघंही बरोबर सरकतोय."

"म्हणजे सुटका नाही."

"कुणाची, ते तुम्हीच ठरवा."

मग मी कापण्याच्या टेबलावर कापडाचे दोन तुकडे समोरासमोर ठेवले आणि दोन्ही हातांनी एकमेकांवर ढकलले. मध्ये चुण्या उभ्या राहिल्या. म्हटलं, हे डोंगर. मोठमोठ्या पर्वतांच्या रांगा अशाच झाल्या, दोघांपैकी कुणी माघार घेईना म्हणून. मग एक तुकडा दुसऱ्याखाली सरकवला. समुद्राचा जड तळ असा खाली जातो, जाताना पाणी घेऊन जातो, त्या पाण्यानं वरचा तापलेला खडक वितळतो, आणि वर बेटांची कमानदार रांग उठते. पण त्या रांगेतली सगळी भावंडं एकदमच धगधगत असतात. आपल्या गोटीची ओळ तसली नव्हे, तिच्यात थोरलं-धाकटं आहे.

बटणवाल्यांनी चुण्या बोटानं चाचपल्या. "हे कापड गिऱ्हाइकाचं आहे ना?" म्हणाले. होतं. पुन्हा इस्त्री करावी लागली.

आता खरी बातमी. मी तुझे दगड लावले! एक अगदी काळा, धारदार, कालच भट्टीतून काढल्यासारखा. तो पहिला. दुसराही तसाच काळा आणि चकचकीत. मग हळूहळू रंग विटत जातो, गंज चढतो, आणि शेवटच्या दोघांच्या भोकांत तर पांढरं काहीतरी भरलंय, म्हाताऱ्याच्या दातांत भरतात तसं. म्हणजे एकापासून नऊपर्यंत ओळ तयार. प्रत्येकाचं चित्र काढून सोबत पाठवते आहे. चित्रं बटाट्यांची वाटतील, पण दगडांचीच आहेत.

आता तुझा अभ्यास पुरा होईल ना?

आत्या


१९ एप्रिल

गोटी,

पत्र मिळालं. "आत्या, उत्तर आधी ठरवून दगड लावता येत नाहीत. आणि त्यांना पुन्हा धुऊ नकोस." तेरा शब्द. मी मोजले. सही नाही, पण 'आत्या' आहे, आणि तोही अगदी सुरुवातीला.

बटणवाल्यांना दाखवलं. "रागावलीय," ते म्हणाले.

"रागावलेली माणसं पत्र लिहितात," मी म्हटलं. "विटलेली लिहीत नाहीत."

पण पहिल्या वाक्याचा अर्थ काही मला लागेना. तीन दिवस डोकं खाजवलं. दगड वयानुसार लावले यात चूक ती काय? शेवटी ग्रंथालयात गेले. बाईंनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "समजा, तुम्ही तुमची सगळी गिऱ्हाइकं उंचीप्रमाणे रांगेत उभी केलीत, आणि मग सगळ्यांना सांगत सुटलात, की बघा, रांगेत जो जितका मागे तो तितका उंच असतो. तर?"

"तर मी मूर्ख."

"तेच लिहिलंय तिनं. जरा गोड शब्दांत."

घरी येईपर्यंत डोक्यात लख्ख उजाडलं. ओळीत पुढे जावं तसं वय वाढतं की नाही, हेच तुला शोधायचं होतं. मी तर वाढतं असं धरूनच दगड मांडले. सुतावरून स्वर्ग गाठला म्हण, आणि तोही उलट्या बाजूनं. दगडाचं वय यंत्रात कळेल, पण तो कुठल्या बेटाचा हे फक्त पिशवी सांगत होती, आणि पिशवीला मी साबण लावला.

दगड परत बादलीत ठेवले. कोरड्या बादलीत.

आत्या


११ मे

गोटी,

हे पत्र घाईत लिहिते आहे.

आज बटणवाले त्यांचा जुना कोट घेऊन आले. बाह्यांना भोकं. मी कोट उजेडात धरला आणि सवयीनं म्हटलं, "किल्ल्या डाव्या खिशात ठेवता, तिकडेच झुकून बसता, आणि उजव्या कोपराखाली हिशेबाची वही नसून डबा असतो. पत्र्याचा. काठ तुटलेला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भोकावरून. वहीनं घासलेलं कापड गुळगुळीत होतं, पत्र्यानं घासलेलं फाटतं."

तर ते म्हणाले, "अंगातल्या कोटावरून माणूस ओळखता, डबासुद्धा ओळखता. पिशवीवरून दगड नाही का ओळखता येत?"

चेष्टा होती ती. पण माझ्या हातातली कात्री खाली पडली.

चार महिने जहाजावर! लाटांनी पेटी हलायची, पेटीत पिशवी हलायची, आणि पिशवीतला दगड त्याच त्या जागी कापड घासत राहायचा. प्रत्येक दगडाचं टोक वेगळं, म्हणजे प्रत्येक भोक वेगळं. आणि ती भोकं कुणी रफू केली? मी! हाताला लागेल त्या उरलेल्या दोऱ्यांनी, कुठे निळा, कुठे करडा, कुठे चक्क लाल. त्यामुळे भोक कुठून कुठपर्यंत होतं ते आजही बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरी गोष्ट. तू आकडे पिशवीच्या तोंडाजवळ लिहिले होतेस, जिथे नाडीसाठी कापड दुमडून शिवतात तिथे. वरची शाई साबणानं गेली. पण जाड शाई दुमडीच्या आतही झिरपते, आणि आत, शिवणीखाली, माझ्या ब्रशचे केस पोचत नाहीत. मी एक पिशवी उसवली. आतल्या घडीत फिकट जांभळा सात आहे, गोटी! त्याचा फक्त वरचा वळसा आणि अर्धा पाय, पण सात!

बटणवाल्यांचा कोट तसाच पडला आहे. ते हातात चहा घेऊन विचारताहेत, "म्हणजे थंडी येईपर्यंत तरी मिळेल ना?"

आत्या


२ जून

गोटी,

तेवीस दिवस लागले. गिऱ्हाइकांना आजारी आहे म्हणून सांगितलं. देव क्षमा करो.

नऊही पिशव्या उसवल्या, नऊही आकडे सापडले. मग माझी रफू हळूच सोडवली आणि भोकं मूळची होती तशी उघडी केली. प्रत्येक दगड प्रत्येक पिशवीत घालून पाहिला. नुसता घातला नाही, पिशवी हातात धरून मशीनच्या पायपट्टीवर ठेवली आणि तासभर हलवली, जहाज हलतं तशी. दगड आपल्या वजनानं फिरतो आणि एका जागी स्थिरावतो. टोक जिथे टेकतं तिथे भोक असेल तर पिशवी त्याची. भोकाच्या कडांना गंजाचा पिवळा रंग, तर दगडही गंजका हवा. आठ आणि नऊच्या पिशव्यांच्या तळकोपऱ्यांत, शिवणीच्या आत, पांढरा चुरा सापडला. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या, पोवळ्याचा असेल. तो कागदाच्या पुड्यांत बांधून, आकडे घालून सोबत पाठवते आहे. या वेळी आकडे घातलेत, बघ.

सात दगडांचं मी छातीठोक सांगते. त्यांची यादी, प्रत्येकाच्या चित्रासकट, वेगळ्या कागदावर आहे.

दोघांचं सांगता येत नाही. तीन आणि चार. दोन्ही दगड एका आकाराचे, गोलसर, दोन्ही पिशव्यांना भोक नाही, नुसता फुगवटा. बटणवाले म्हणाले, "त्यातला काळा तो तीन, गंजका तो चार. धाकटं आधी. तुमच्याच पुस्तकात आहे. कोण बघतंय?" एक क्षण माझाही हात लेखणीकडे गेला. नऊपैकी नऊ! किती छान दिसलं असतं. पण ते उंचीप्रमाणे गिऱ्हाइकं उभी करणंच झालं असतं. म्हणून यादीत तीन आणि चारसमोर 'माहीत नाही' लिहिलं आहे. हे दोन शब्द लिहायला मला बाकीच्या सगळ्या यादीपेक्षा जास्त वेळ लागला.

आणि लिहायलाच बसले आहे तर अजून एक.

पहिल्या पत्रात मी म्हटलं, आकडे दिसले नाहीत. दिसले होते. ठळक होते, कुणालाही दिसले असते. पिशव्या भिजवण्याआधी मी तुझ्या दाराशी आलेही होते विचारायला, की या आकड्यांचं काय. तू अंगावर पांघरूण ओढून झोपली होतीस. उठवलं असतं तर उठली असतीस. पण आदल्या दिवशी तू पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणाली होतीस, "आत्या, दोनच दिवस आहे हं." चार महिन्यांनी आलेली पोर, आणि दोनच दिवस. मी रुसले होते. मनात म्हटलं, जा, नाही विचारत. रुसलेल्या माणसाला काम लागतं, म्हणून धुवायला घेतलं.

वाईट हेतू नव्हता. पण भोळेपणाही नव्हता. एवढं तुला कळायला हवं, मग तू काय ठरवायचं ते ठरव.

आत्या


७ जुलै

गोटी,

दोन बोटी आल्या. टपालातला माणूस मला लांबून बघूनच मान हलवतो.

बटणवाल्यांचा कोट शिवून दिला. दुसरं सांगण्यासारखं काही नाही.

आत्या


३० ऑगस्ट

गोटी,

सहा पानं! टपालातल्या माणसानं रस्त्यातूनच हाक मारली, "बाई, आलं! जाड आहे!" अर्धी गल्ली गोळा झाली.

आधी मी शेवटचं पान वाचलं. तुला ठाऊकच आहे, मी गोष्टीच्या पुस्तकाचंही तसंच करते. तिथे तू लिहिलंयस, "रुसली होतीस हे मला तेव्हाच कळलं होतं. मी जागी होते. तू दारात उभी राहिलीस आणि मी डोळे मिटून घेतले, कारण तू दोन दिवसांवरून बोलशील असं वाटलं." तेवढीच ओळ पुन्हा वाचली. म्हणजे दारात उभी असलेली एक, पांघरुणात जागी असलेली एक, आणि दोघींच्या मध्ये नऊ दगड. एकाच घरातल्या आहोत खऱ्या.

मग पहिल्यापासून वाचलं. जहाजावर पाणी शिरून तुझी छायाचित्रं खराब झाली होती, पण तीन बेटांची वाचली होती, आणि त्यांत दगड हातात धरलेला दिसतो, हे तू मला मुद्दाम कळवलं नव्हतंस. माझी परीक्षा घेतलीस, लबाडे! आणि तिन्ही जुळले! पांढरा चुराही पोवळ्याचाच निघाला. पण त्यापुढे तू जे लिहिलंस ते मी बटणवाल्यांना दोनदा वाचून दाखवलं: "तीन जुळले त्यापेक्षा जास्त भरवसा मला तुझ्या 'माहीत नाही'नं दिला. त्यामुळे बाकीच्या सातांवर विश्वास बसला." ते हिरमुसले. त्यांचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं, ते त्यांना लगेच कळलं.

सुईबद्दल तू काढलेली चूक मान्य. सुई वरून टोचते आणि आग खालून येते. मशीन उलटं करून बघ, म्हणतेस. उलटं केलं तर तेल गळेल, बाई. पण खालून येणारा दोराही मशीनला असतोच, बॉबिनचा. तो जागच्या जागी बसून वर येतो आणि कापडात अडकून पुढे जातो. म्हणजे आग बॉबिनमध्ये, असं म्हणू या. चालेल का? आणि आगसुद्धा कधी कधी जागेवरून थोडीशी ढळते, असं तू लिहिलंस, ते वाचून बरं वाटलं. इतकं ताठ कुणीच नसावं.

दगड उद्या प्राध्यापकांकडे पोचवते, वय मोजायला. पिशव्यांसकट, उसवलेल्या आहेत तशाच. बटणवाले पेटी धरायला येणार आहेत. "हलवायची नाही ना?" असं आत्तापर्यंत चार वेळा विचारून झालं त्यांचं.

तुझी आत्या


१२ नोव्हेंबर

गोटी,

प्राध्यापक स्वतः दुकानात आले. अस्तर पुन्हा सुटलं होतं. पण त्यासाठी आले नव्हते. "बाई, तुमचा सहा नंबर भलताच निघाला," म्हणाले. मी हातातली सुई खोचून ठेवली. वाटलं, चुकलं माझं. मग त्यांनी तुझं पत्र हातात दिलं.

एक, दोन, पाच, सात, आठ, नऊ, सगळे ओळीत. जितकं लांब तितकं म्हातारं, नववं तर एक कोटी वर्षांच्या पुढचं. तीन-चारच्या जागी तू रिकामी जागा ठेवलीस. आणि सहा? ते बेट साठ लाख वर्षांचं असायला हवं, आणि दगड निघाला अवघ्या चार लाखांचा. पिशवी चुकली असेल म्हणून तू आधी ती जुनी छायाचित्रं बाहेर काढून पाहिलीस, आणि त्या तीन बेटांत नेमकं सहावं होतं! तोच दगड तुझ्या हातात, मागे तेच झिजकं बेट.

म्हणजे आगीपासून कधीच दूर गेलेलं, लाखो वर्षं गप्प पडलेलं, खचायला लागलेलं बेट अचानक पुन्हा पेटलं होतं. का, ते अजून पुरतं कुणाला ठाऊक नाही. तू आता तेच शोधणार आहेस, अभ्यासासाठी पुन्हा नाव नोंदवलं आहेस. हे वाचलं आणि मी दुकानाच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं हसले. गिऱ्हाईक माप द्यायला हात वर करून उभं होतं, ते तसंच राहिलं.

आणि ऐक. मार्चमध्ये मी दगड दिसण्यावरून लावले होते ना, त्यात हा काळा चकचकीत मी दुसरा ठेवला होता! ती ओळ तू धरली असतीस तर सगळं कसं नीट बसलं असतं, आणि हे म्हातारं बेट पेटलं होतं हे कुणाला कधी कळलंच नसतं.

बटणवाल्यांना सांगितलं. ते म्हणाले, "उतारवयात होतं असं कधी कधी." आणि माझ्याकडे बघून उगीच खोकले. मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. तूही वाचलं नाहीस असं दाखव.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. "इकडे ये," म्हणतेस. अगं, मी आयुष्यात बोटीत बसले नाही. टबात पाय घातला तरी मला गरगरतं. दुकान कोण बघणार? जमिनीतून धूर येतो तिथे झोप लागते का? गुडघ्यांचं काय? हे सगळे प्रश्न मी कागदावर लिहिले आणि मग खोडले, कारण खरा प्रश्न एकच आहे, आणि या वेळी मी तो विचारते आहे. किती दिवस येऊ?

तुझी आत्या


९ डिसेंबर

गोटी,

तुझं उत्तर पोचलं. "परतीचं तिकीट काढू नकोस, इथे आल्यावर ठरवू."

दुकानाची किल्ली बटणवाल्यांकडे दिली आहे. ते बोटीपर्यंत सोडायला येणार आहेत. त्यांना म्हटलं, "आता बघा, आपल्यापैकी एक सरकलं." तर म्हणाले, "बघतोय. पण ओळ सोडू नका." इतका बरा माणूस आहे हे तीस वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

आत्या


२३ डिसेंबर, दुपार
(तुझ्या टेबलावर, दिव्याखाली ठेवते आहे)

गोटी,

वारा बरा होता म्हणून बोट एक दिवस आधीच लागली. तू डोंगरावर यंत्रं तपासायला गेली आहेस, संध्याकाळी येशील, असं शेजारच्या मासे पकडणाऱ्या बाईंनी सांगितलं. किल्ली त्यांनीच दिली. बोटीत मी फक्त दोनदा आजारी पडले, आणि दुसऱ्यांदा तर खलाशीच माझ्यापेक्षा जास्त पडला होता.

तासभर तुझ्या खोलीत बसले. तू बारीक झाली असशील असं वाटत होतं, पण खुंटीवरचा सदरा पाहिला. नाही झालीस. मग बसवेना. शेजारणीला विचारलं, इथे बघण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, रस्ता धरून सरळ जा, संपेल तिथे थांबा. रस्ता कशानं संपतो, विचारलं. तर म्हणाली, चार वर्षांपूर्वी वरून आग आली, रस्त्यावरून गेली आणि समुद्रात उतरली. तिथे पूर्वी पाणी होतं, आता जमीन आहे.

चार वर्षं! गोटी, मी एकोणसत्तर वर्षांची. जिथे जिथे पाय ठेवला तिथली जमीन माझ्या पणजीच्या पणजीपेक्षा म्हातारी होती. आपल्यापेक्षा धाकटी जमीन असते, हे मी पुस्तकात वाचलं, पण तिच्यावर उभं राहणं वेगळं असणार.

जाऊन येते म्हणणार होते, पण येत नाही. तिथेच बसते, रस्ता संपतो तिथे. तू डोंगरावरून उतरशील तेव्हा वरूनच मी दिसेन. निळं लुगडं आहे, आणि इतक्या काळ्या जागेत दुसरं निळं काही नसेल.

धावू नकोस, घसरशील. मी आहे.

आत्या